चिंताशामक औषधांचे वर्गीकरण : परिचर्या औषधशास्त्राच्या अध्यापनातील काही प्रश्न

प्रस्तावना

परिचर्या अभ्यासक्रमातील औषधशास्त्र हा विषय विद्यार्थ्यांना प्रामुख्याने वर्गीकरणाच्या रूपाने भेटतो. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी एक तक्ता असतो. त्यात औषधांचे गट, उपगट व उदाहरणे दिलेली असतात. विद्यार्थी तो तक्ता पाठ करतात, परीक्षेत उतरवून काढतात आणि पुढील प्रकरणाकडे वळतात. चिंताशामक औषधांचे प्रकरणही याला अपवाद नाही. बेंझोडायाझेपीन, अ‍ॅझापायरोन, बीटा-रोधक, हिस्टामीनरोधक, नैराश्यरोधक अशी पाच-सहा नावे आणि प्रत्येकापुढे दोन-तीन उदाहरणे, असे त्याचे रूप असते. हा तक्ता चुकीचा नाही. परंतु तो मूळात कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून तयार झाला, हे वर्गात क्वचितच सांगितले जाते. रुग्णाच्या खाटेशी उभ्या असलेल्या परिचारिकेपुढे पडणारा प्रश्न बहुधा निराळाच असतो. प्रस्तुत लेखात या वर्गीकरणाच्या निरनिराळ्या आधारांचा, आणि त्यांपैकी कोणता आधार केव्हा उपयोगी पडतो याचा विचार केला आहे.

विषय स्पष्ट होण्यासाठी एक कल्पित, परंतु रुग्णालयीन कामकाजाशी परिचय असणाऱ्या कोणालाही ओळखीचा वाटेल असा प्रसंग घेता येईल. पुण्यातील नारायण पेठेसारख्या जुन्या वस्तीत आज दोन वयोगट शेजारी शेजारी नांदताना दिसतात. एक, वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींतून राहणारी, मुले परगावी किंवा परदेशी असलेली वृद्ध मंडळी. दुसरा, स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी गावोगावहून आलेला, अभ्यासिका व खाणावळ यांच्या आधाराने राहणारा तरुण वर्ग. यांपैकी पहिल्या गटातील शहात्तर वर्षांच्या एक आजी न्हाणीघरात पाय घसरून पडतात, खुब्याचे हाड मोडते आणि त्यांना रुग्णालयात दाखल केले जाते. दाखल करताना त्या रक्तदाबाची व मधुमेहाची गोळी सांगतात. शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडते. तिसऱ्या रात्री मात्र त्यांचे हात थरथरू लागतात, घाम सुटतो, त्या भिंतीवर माणसे दिसत असल्याचे सांगतात आणि सलाईनची नळी ओढू पाहतात. वयोमानाने असे होते, भुलीचा परिणाम असेल, असे नातेवाईक आणि कधी कधी कर्मचारीही म्हणतात. प्रत्यक्षात आजी गेली अकरा वर्षे रोज रात्री अल्प्राझोलामची एक गोळी घेत होत्या. ती त्यांनी सांगितली नाही, कारण त्यांच्या लेखी ते औषध नव्हतेच. ती ‘झोपेची गोळी’ होती. रुग्णालयात ती आपोआप बंद झाली आणि तिसऱ्या रात्री शरीराने तिची मागणी केली.

या मुग्धभ्रमाचे कारण वेळीच ओळखले गेले नाही, तर अपस्माराचा झटका येऊ शकतो, नव्याने बसवलेला सांधा निखळू शकतो आणि प्रसंगी जीवावरही बेतते. प्रकरणाच्या आरंभीचा तक्ता तोंडपाठ असलेल्या परिचारिकेला हे ओळखता येईल काय, हा येथील खरा प्रश्न आहे.

‘शांतक’ या संज्ञेची घडण

आजचे वर्गीकरण समजण्यासाठी त्याच्या पूर्वेतिहासाकडे थोडे वळावे लागते आणि त्या इतिहासाचा एक धागा मुंबईतून जातो. सर्पगंधा या वनस्पतीचा उपयोग भारतीय वैद्यकात उन्माद व निद्रानाश यांवर पूर्वापार होत आला आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरील सर्पगंधेच्या परिणामाविषयीचा आपला निबंध १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या वनस्पतीकडे वेधले गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत तिच्यातून रेसर्पीन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. रेसर्पीन दिलेला प्राणी गुंगीत न जाताही शांत होतो, हे जुन्या बार्बिच्युरेट औषधांपेक्षा वेगळे होते. त्यासाठी नवा शब्द हवा होता. त्याच कंपनीतील संशोधक योंकमन यांनी १९५३ मध्ये ‘ट्रँक्विलायझर’, म्हणजे शांतक, ही संज्ञा या औषधासाठी वापरली. डॉ. वकील यांना १९५७ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला.

ही संज्ञा पुढे फार सैलपणे वापरली गेली. क्लोरप्रोमाझीनसारखी मनोविकृतीवरील औषधे ‘मोठी शांतके’ ठरली, तर १९५५ मध्ये आलेले मेप्रोबामेट आणि त्यानंतरची चिंताशामके ‘लहान शांतके’. लहान व मोठी हा भेद परिणामाच्या तीव्रतेचा असल्याचा भास होतो, पण तो दोन सर्वस्वी निरनिराळ्या औषधकुलांचा आहे. ‘लहान’ या विशेषणाने झालेले नुकसान अधिक गंभीर होते. लहान म्हणजे सौम्य, सौम्य म्हणजे निरुपद्रवी, असा समज रूढ झाला. आजच्या पाठ्यपुस्तकांनी ही जोडी बहुतांशी टाकून दिली असली, तरी जुन्या टिपणवह्यांतून ती अजूनही वर्गात येते. ती आता पूर्णपणे सोडून द्यावी हेच इष्ट.

लिओ स्टर्नबाख यांनी हॉफमन-ला रोश कंपनीच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत शोधलेले क्लोरडायाझेपॉक्साइड १९६० मध्ये व डायाझेपाम १९६३ मध्ये बाजारात आले. भारतात १९६९ पासून रॅनबॅक्सी कंपनीचे ‘काम्पोज’ हे डायाझेपाम इतके घरोघरी पोहोचले, की एका पिढीच्या तोंडी ते नाव झोपेच्या गोळीचा प्रतिशब्द बनले. ही औषधे मेंदूत नेमकी कोठे कार्य करतात, हे मात्र १९७७ मध्ये, म्हणजे पहिले औषध बाजारात येऊन सतरा वर्षे झाल्यावर उलगडले. म्हणजेच हा गट प्रथम रासायनिक संरचनेवरून ठरला. कार्यपद्धती त्याला मागाहून चिकटली. तक्त्यातील गोंधळाचे मूळ बरेचसे येथे आहे.

रचना आणि कार्यपद्धती

मेंदूतील चेतापेशींना आवर घालणारा प्रमुख चेतापारेषक गॅमा-अमायनो-ब्युटिरिक आम्ल हा होय. त्याला संक्षेपाने ‘गाबा’ म्हणतात. गाबा आपल्या ग्राहीला बिलगला की क्लोराइड आयनांचे एक दार उघडते आणि पेशीची उत्तेजनक्षमता घटते. बेंझोडायाझेपीन त्याच ग्राहीवर निराळ्या जागी बसते आणि गाबामुळे हे दार अधिक वेळा उघडेल अशी व्यवस्था करते. बार्बिच्युरेटमुळे दार अधिक काळ उघडे राहते आणि मात्रा वाढली तर गाबाच्या अनुपस्थितीतही ते उघडते. एकट्या बेंझोडायाझेपीनच्या अतिमात्रेने मृत्यू क्वचित होतो आणि बार्बिच्युरेटच्या अतिमात्रेने सहज होतो, याचे कारण या एका भेदात आहे. मद्य किंवा अफूवर्गीय वेदनाशामक सोबत असेल, तर हे संरक्षण उरत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये अफूवर्गीय औषधांसोबतच्या वापराबाबत आणि २०२० मध्ये अवलंबित्व व औषध थांबवल्यावर उद्भवणाऱ्या लक्षणांबाबत या संपूर्ण वर्गाला चौकटीतील ठळक इशारा जोडला.

रासायनिक रचनेचा आधार किती अपुरा आहे हे दोन उदाहरणांवरून दिसते. भारतात सर्रास लिहून दिले जाणारे एटिझोलाम काटेकोरपणे पाहता बेंझोडायाझेपीन नाही. त्यातील बेंझीन वलयाची जागा थायोफीन वलयाने घेतली आहे. झोल्पिडेमची रचना तर पूर्णपणे वेगळी आहे. तरीही दोन्ही त्याच ग्राहीवर कार्य करतात आणि दोहोंनी अवलंबित्व निर्माण होऊ शकते. रचनेच्या तक्त्यात ती ‘इतर’ या सदरात जातात आणि ‘इतर’मधील औषध कमी धोक्याचे असते, असे विद्यार्थी नकळत धरून चालतात.

कार्यपद्धतीचा आधार एका नेमक्या प्रश्नाचे उत्तर देतो : एका औषधाच्या जागी दुसरे चालेल काय? बुस्पिरोनचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तेही चिंताशामकच आहे. परंतु ते गाबाच्या ग्राहीला स्पर्श करत नाही, सेरोटोनिनच्या एका ग्राहीवर अंशतः कार्य करते. त्याने गुंगी येत नाही, सवय लागत नाही आणि परिणाम दिसण्यास दोन ते चार आठवडे लागतात. अनेक वर्षे अल्प्राझोलाम घेणाऱ्या रुग्णाची गोळी एकदम बंद करून त्या जागी बुस्पिरोन दिले, तर कागदावर चिंताशामकाच्या जागी चिंताशामक आले असे दिसेल. शरीराला मात्र काहीच मिळालेले नसेल आणि औषध थांबवल्याची लक्षणे जशीच्या तशी उमटतील. उलट मद्यमुक्तीच्या उपचारात मद्य थांबल्यावर क्लोरडायाझेपॉक्साइड देता येते, कारण मद्य आणि हे औषध एकाच दाराशी काम करतात. डॉ. अनिता अवचट व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू केलेल्या मुक्तांगणमुळे व्यसनमुक्तीचा विषय पुण्यातील सुशिक्षित वर्गाला चांगला परिचित झाला. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळीच्या बाबतीतही शरीर तेच करते, हे मात्र तितकेसे परिचित नाही.

एकच औषध, अनेक पत्ते

जागतिक आरोग्य संघटनेच्या ओस्लो येथील केंद्राकडून चालवले जाणारे ‘एटीसी’ वर्गीकरण औषधाच्या मुख्य उपयोगावर आधारलेले आहे. त्यात मनोविकृतीरोधक औषधे ‘एन ०५ ए’, चिंताशामके ‘एन ०५ बी’ आणि निद्राकारके ‘एन ०५ सी’ या विभागांत येतात. डायाझेपाम, लोराझेपाम, अल्प्राझोलाम व क्लोबाझाम चिंताशामकांत आहेत. नायट्राझेपाम व मिडाझोलाम निद्राकारकांत आहेत. क्लोनाझेपाम तर अपस्माररोधकांच्या ‘एन ०३’ विभागात आहे. चिंतेमुळे होणाऱ्या थरथरीवर दिले जाणारे प्रोप्रॅनोलॉल हृदय व रक्तवाहिन्यांच्या विभागात सापडते आणि चिंताविकारांच्या दीर्घ उपचारात आज प्रथम पसंतीचे मानले जाणारे एस्सिटालोप्राम नैराश्यरोधकांत. औषधांच्या खपाची देशोदेशी तुलना करण्यासाठी ही व्यवस्था उत्तम आहे. विद्यार्थ्याला मात्र तीच भावंडे तीन वेगळ्या प्रकरणांत भेटतात आणि ती भावंडे आहेत याची आठवण राहत नाही.

अभ्यासक्रमाची रचनाही यात भर घालते. भारतीय परिचर्या परिषदेच्या सुधारित सत्रपद्धतीत बी.एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना औषधशास्त्र तिसऱ्या व चौथ्या सत्रात शिकवले जाते. मानसिक आरोग्य परिचर्या त्यानंतर येते. मिडाझोलाम शस्त्रक्रियागृहात भेटते, क्लोनाझेपाम चेताविकारांच्या कक्षात आणि अल्प्राझोलाम बहुधा कोठेच नाही, कारण ते रुग्णाच्या घरच्या डब्यात असते.

गटाच्या नावाचा रुग्णावर होणारा परिणामही येथे नोंदवण्यासारखा आहे. एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालीन हाती पडलेला रुग्ण वेष्टनावरील माहिती वाचतो किंवा शेजाऱ्याला विचारतो आणि परत येऊन म्हणतो, “मला काही नैराश्य नाही, मग ही गोळी कशासाठी?” पहिल्या आठवड्यात या औषधांनी अस्वस्थता थोडी वाढूही शकते, गुण येण्यास काही आठवडे लागतात. नेमक्या याच काळात रुग्ण ती सोडून देतो आणि तासाभरात बरे वाटवणाऱ्या जुन्या गोळीकडे वळतो. या दोन आठवड्यांत परिचारिकेने पाच मिनिटे बोलून दिलेला धीर उपचार टिकवून धरू शकतो, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

काळाचा आधार

परिचर्येच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त, आणि तरीही वर्गात सर्वांत घाईने उरकला जाणारा आधार काळाचा आहे. रक्तातील औषधाचे प्रमाण निम्म्यावर येण्यास लागणाऱ्या वेळेला अर्धायुकाल म्हणतात. मिडाझोलामचा अर्धायुकाल सुमारे दोन तास, अल्प्राझोलामचा सरासरी अकरा तास, लोराझेपामचा दहा ते वीस तास, क्लोनाझेपामचा तीस ते चाळीस तास. डायाझेपामचा अर्धायुकाल वीस ते पन्नास तास असून यकृतात तयार होणारे त्याचे क्रियाशील चयापचयज त्याहूनही अधिक काळ टिकते. यावरून अल्प, मध्यम व दीर्घ असे तीन गट पाडले जातात. येथवर बहुतेक पुस्तके येतात आणि थांबतात.

विद्यार्थ्यांचा खरा गैरसमज याच्या पुढच्या पायरीवर होतो. अर्धायुकाल दीर्घ म्हणजे परिणामही दीर्घ, असे त्यांना वाटते. शिरेतून दिलेल्या डायाझेपामच्या बाबतीत हे खोटे ठरते. ते मेदात अतिशय विद्राव्य असल्याने रक्तातून मेंदूत जवळजवळ तत्काळ शिरते. पण तितक्याच सहजपणे मेंदूतून बाहेर पडून स्नायू व मेद यांत पसरते. त्यामुळे अपस्माराचा झटका थांबवण्याचा त्याचा परिणाम वीस-तीस मिनिटांतच ओसरू लागतो, जरी औषध शरीरात दिवसेंदिवस रेंगाळत असले तरी. लोराझेपामचा अर्धायुकाल तुलनेने कमी. पण ते मेदात कमी विद्राव्य असल्याने मेंदूतून लवकर निघत नाही आणि त्याचे संरक्षण कित्येक तास टिकते. एका मात्रेचा परिणाम किती टिकेल हे औषधाच्या शरीरातील वाटपावर ठरते. रोजच्या मात्रा साठत जातील काय, हे अर्धायुकालावर. या दोन गोष्टी वेगळ्या शिकवल्या नाहीत, तर ‘दीर्घ’ हा शब्द विद्यार्थ्याला प्रत्यक्ष कामात फसवतो.

साठण्याचा प्रश्न वृद्धांत विशेष तीव्र होतो. क्लोट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डायाझेपामचा अर्धायुकाल विसाव्या वर्षी सुमारे वीस तास, तर ऐंशीव्या वर्षी सुमारे नव्वद तास आढळला. म्हणजे नारायण पेठेतील अभ्यासिकेत बसणाऱ्या तरुणाच्या शरीरातून जी गोळी एका दिवसात निम्मी होते, तिला त्याच गल्लीतील आजोबांच्या शरीरात जवळजवळ चार दिवस लागतात. आजोबांनी रोज एक गोळी घेतली तर आठवड्याअखेरीस त्यांच्या रक्तात काय असेल, हे गणित विद्यार्थ्यांकडून फळ्यावर करवून घेण्यासारखे आहे. दिवसा येणारी पेंग, विस्मरण, चालताना जाणारा तोल आणि न्हाणीघरातील पडझड यांचा उगम कित्येकदा त्या गणितात सापडतो. वृद्धांसाठी अनुचित औषधांच्या ‘बिअर्स निकषां’त, जे प्रथम १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले व आता अमेरिकन जेरिअ‍ॅट्रिक्स सोसायटी वेळोवेळी सुधारते, हा संपूर्ण वर्ग शक्यतो टाळण्याची शिफारस आहे.

यकृताचा प्रश्नही काळाशीच निगडित आहे. डायाझेपाम, क्लोरडायाझेपॉक्साइड, अल्प्राझोलाम यांवर यकृतात प्रथम ऑक्सिडीकरणाची प्रक्रिया होते आणि यकृत बिघडले की ती मंदावते. लोराझेपाम, ऑक्साझेपाम व टेमाझेपाम यांचा थेट ग्लुक्युरॉनिक आम्लाशी संयोग होतो. ही प्रक्रिया यकृतविकारातही बरीचशी शाबूत राहते. म्हणून यकृत निकामी होत चाललेल्या मद्यपी रुग्णाला क्लोरडायाझेपॉक्साइडऐवजी लोराझेपाम लिहिलेले आढळते. कारण ठाऊक असलेली परिचारिका, एखाद्या दिवशी चिठ्ठीत उलट बदल दिसला, तर विचारणा करू शकेल.

काळाचे भान उताऱ्याच्या बाबतीतही सुटता कामा नये. फ्लुमाझेनिल हे बेंझोडायाझेपीनचा परिणाम उलटवते. रुग्ण डोळे उघडतो, बोलू लागतो. परंतु फ्लुमाझेनिलचा अर्धायुकाल सुमारे एक तासाचा आहे. मूळ औषध त्याहून अधिक काळ टिकणारे असेल तर उतारा संपतो आणि गुंगी परत येते. म्हणून जागा झालेल्या रुग्णाच्या श्वसनाची मोजणी थांबवून चालत नाही. रोजच्या सेवनाची सवय असलेल्या रुग्णात तर फ्लुमाझेनिलने झटकेही येऊ शकतात.

आता आरंभीच्या प्रसंगाकडे पाहता येईल. अल्प्राझोलामसारखे औषध एकाएकी थांबले, की लक्षणे साधारणतः एक ते दोन दिवसांत डोके वर काढतात. डायाझेपाम थांबले तर ती आठवडाभरानेही येऊ शकतात. शेवटची गोळी पडण्यापूर्वीच्या रात्री, शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी, मुग्धभ्रम तिसऱ्या रात्री, हा कालक्रम समोर मांडला असता तर संशय घेण्यास पुरेसा होता. कोणत्या दिवशी कशावर लक्ष ठेवावे, हे सांगण्याची क्षमता फक्त काळाच्या वर्गीकरणात आहे.

कायद्याचा आधार

औषधे व सौंदर्य प्रसाधने नियम, १९४५ यांत २०१३ मध्ये अनुसूची एच-१ समाविष्ट करण्यात आली व १ मार्च २०१४ पासून ती अमलात आली. तिच्यातील औषधे विकताना डॉक्टरचे व रुग्णाचे नाव, औषध व त्याचे प्रमाण यांची स्वतंत्र नोंदवही औषधविक्रेत्याने ठेवावी आणि ती तीन वर्षे जपावी, असे बंधन आहे. २०१३ च्या मूळ यादीत अल्प्राझोलाम, डायाझेपाम, क्लोरडायाझेपॉक्साइड, नायट्राझेपाम, मिडाझोलाम आणि झोल्पिडेम होती. क्लोनाझेपाम व लोराझेपाम मात्र नव्हती. क्षयरोगावरील औषधे आणि नवी प्रतिजैविके याच यादीत त्यांच्या शेजारी बसली. याखेरीज गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ च्या अनुसूचीतही या वर्गातील अनेक औषधे आहेत. कायद्याचा कप्पा गैरवापराच्या व नियंत्रणाच्या प्रश्नातून जन्मला आहे. औषधांचा परस्परसंबंध दाखवणे हे त्याचे कामच नाही. तांबड्या चौकटीतला इशारा नसलेली गोळी निर्धोक, असा अर्थ विद्यार्थ्यांनी काढू नये म्हणून हा मुद्दा येथे घेतला.

रुग्णाचे स्वतःचे वर्गीकरण

या सर्व तक्त्यांपलीकडे आणखी एक वर्गीकरण आहे, जे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. रुग्णाच्या मनात ‘बीपीची गोळी’, ‘साखरेची गोळी’, ‘झोपेची गोळी’, ‘टेन्शनची गोळी’ असे कप्पे असतात आणि त्यांतील पहिल्या दोनच त्याला औषधे वाटतात. “रोज कोणती औषधे घेता?” या प्रश्नाचे तो प्रामाणिकपणे अपुरे उत्तर देतो. “रात्री झोप येण्यासाठी काही घेता का? किती वर्षे? एखाद्या रात्री विसरलात तर काय होते?” असे विचारले तर उत्तर निराळे मिळते. यातील शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. “मग डोळ्याला डोळा लागत नाही, छातीत धडधडते,” असे उत्तर आले, तर अवलंबित्वाची शक्यता गृहीत धरून ते डॉक्टरांच्या कानावर घालणे आवश्यक ठरते.

मात्रेविषयीचा भ्रमही असाच घरगुती आहे. “अगदी छोटी आहे, पॉइंट फाइव्हची,” असे रुग्ण सांगतो आणि पाच मिलिग्रॅमच्या डायाझेपामपेक्षा ती सौम्य असल्याची त्याची खात्री असते. वस्तुतः अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपामचे अर्धा मिलिग्रॅम साधारणतः डायाझेपामच्या दहा मिलिग्रॅमइतके भरते आणि लोराझेपामचे एक मिलिग्रॅमही तितकेच. हे आकडे ढोबळ आहेत. तरी ‘छोटी गोळी’ ही कल्पना मोडून काढण्यास ते पुरेत.

तरुण वर्गाची कहाणी थोडी वेगळी असते. मुलाखतीपूर्वी हात कापू नयेत म्हणून मित्राने दिलेली प्रोप्रॅनोलॉलची गोळी ही त्यांच्या लेखी ‘परीक्षेची गोळी’ असते. ती गुंगी आणत नाही, विचार मंदावत नाही, फक्त थरथर व धडधड आवरते. म्हणूनच तिचे आकर्षण. पण ज्याला दमा आहे, त्याची श्वासनलिका तिने आकुंचन पावू शकते आणि इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही तरुणाला साखर उतरल्याची सूचना देणारी धडधड ती झाकून टाकते. दम्याविषयी विचारणे व नाडी मोजणे, या दोन कृतींसाठी कोणतेही उपकरण लागत नाही.

अध्यापनासाठी एक योजना

पुण्यात परिचारिकांच्या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये स्थापन केलेल्या पुण्याच्या सेवासदनाने ससून रुग्णालयाच्या सहकार्याने स्त्रियांना या व्यवसायाचे शिक्षण देण्यास आरंभ केला, तेव्हा त्यांच्यापुढे औषधांची यादी आजच्या तुलनेत अगदी आटोपशीर होती. आता ती पाठांतराच्या आवाक्याबाहेर गेली आहे. त्यामुळे चिंताशामकांचे प्रकरण एका तक्त्याऐवजी एका औषधाभोवती शिकवून पाहता येईल. फळ्यावर केवळ ‘क्लोनाझेपाम’ असे लिहावे आणि विद्यार्थ्यांना विचारावे : रचनेने ते कोणाचे भावंड? एटीसीत कोठे सापडते? चिठ्ठी नसताना मिळावे काय? आज रात्री बंद झाले तर कोणत्या दिवशी सावध राहावे? घरी रुग्ण त्याला काय म्हणत असेल? पुढील तासाला तेच प्रश्न लोराझेपामला, त्यापुढे एटिझोलामला. तीन-चार औषधे झाली, की तक्ता विद्यार्थी स्वतःच मांडतात; मग पुस्तकातील तक्ता त्यांना परका वाटत नाही. या पद्धतीत वेळ अधिक जातो, हे खरे. परीक्षेत ‘वर्गीकरण लिहा’ असाच प्रश्न येणार असेल, तर शिक्षकाला हा वेळ देणे कठीण होते, हेही तितकेच खरे. प्रश्नपत्रिका बदलल्यावाचून अध्यापन बदलेल, अशी अपेक्षा बाळगण्यात अर्थ नाही.

औषध कमी करण्याच्या प्रक्रियेला या अध्यापनात वेगळे स्थान हवे. अमेरिकेतील अनेक वैद्यकीय संघटनांनी संयुक्तपणे तयार करून २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत आरंभी पाच ते दहा टक्क्यांची घट दर दोन ते चार आठवड्यांनी करावी आणि दोन आठवड्यांत पंचवीस टक्क्यांहून अधिक घट करू नये, असे सुचवले आहे. म्हणजे अकरा वर्षांची सवय सोडवण्यास महिनोन्महिने लागणार. रुग्णालयातील मुक्काम जेमतेम आठवड्याचा असतो. तेव्हा त्या आठवड्यात परिचारिकेकडून अपेक्षा एवढीच, की ती गोळी दाखल होतानाच्या नोंदीत यावी, डॉक्टरांना विचारून ती चालू राहावी, आणि घरी जाताना मिळणाऱ्या कागदावर तिचे नाव, मात्रा व शेवटची गोळी कोणत्या दिवशी किती वाजता दिली हे स्वच्छ अक्षरांत लिहिलेले असावे.